कुल्बा आणि नर्व्ह : भीतीच्या शब्दांचा इतिहास

सेबुआनो-इंग्रजी शब्दयादीत 'कुल्बा' हा शब्द काढून पाहिला तर त्याच्यासमोर 'नर्व्हसनेस' असा इंग्रजी अर्थ दिलेला आढळतो. वाचणारा समाधानाने पुढच्या शब्दाकडे वळतो. डावीकडे एक शब्द, उजवीकडे दुसरा, आणि मधे न लिहिलेले पण गृहीत धरलेले बरोबरचे चिन्ह. गणितात या चिन्हाच्या दोन्ही बाजू तपासल्याशिवाय आपण ते मान्य करीत नाही. शब्दकोशात मात्र सहज मान्य करतो. या लेखात असे एकच चिन्ह तपासून पाहायचे आहे. त्यासाठी पाचशे वर्षे मागे जावे लागेल आणि थोडे शरीरक्रियाशास्त्रातही डोकवावे लागेल.

सेबुआनो ही फिलिपिन्सच्या मध्य व दक्षिण भागातील भाषा. सेबू आणि बोहोल ही बेटे, नेग्रोस बेटाचा पूर्व भाग, लेयते बेटाचा काही भाग आणि मिंदानाओचा बराच मोठा प्रदेश येथे ती बोलली जाते. बोलणारे तिला बहुधा 'बिसाया' म्हणतात. मातृभाषा म्हणून ती बोलणाऱ्यांची संख्या सुमारे दोन कोटी आहे. मलय, टागालोग, हवाई बेटांची भाषा आणि मादागास्करची भाषा ज्या ऑस्ट्रोनेशियन कुळात मोडतात, त्याच कुळातील ही भाषा.

बोट दाखवता येते ते शब्द

सेबुआनो शब्दांची आपल्याला उपलब्ध असलेली पहिली मोठी यादी १५२१ सालची आहे. मॅगेलनची जहाजे ७ एप्रिल १५२१ रोजी सेबूला पोहोचली. त्या ताफ्यात आंतोनियो पिगाफेत्ता नावाचा इटालियन गृहस्थ होता. २७ एप्रिलला शेजारच्या माक्तान बेटावरील लढाईत मॅगेलन मारला गेला. पिगाफेत्ता मात्र जगला, पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतला आणि त्याने प्रवासाचा वृत्तांत लिहिला. त्यात सेबू येथे टिपलेले सुमारे १६० शब्द आहेत.

ही यादी आजही वाचता येते. डोळ्यासाठी 'माता', जिभेसाठी 'दिला', छातीसाठी 'दुघान' हे शब्द तिच्यात आहेत आणि सेबूमध्ये आजही तेच शब्द वापरले जातात. यादीत शरीराचे अवयव आहेत, खाण्यापिण्याचे पदार्थ आहेत, रोजच्या वापरातील व व्यापारातील वस्तू आहेत, आकडे आहेत. थोडक्यात, त्यातील बहुतेक शब्द बोट दाखवून विचारता येतील असे आहेत. मॅगेलनबरोबर एन्रिक नावाचा गुलाम दुभाषा म्हणून होता आणि तो मलय भाषेतून संवाद साधत असे. तरीही शब्द गोळा करण्याची सर्वांत खात्रीची पद्धत बोट दाखवण्याचीच.

छातीकडे बोट दाखवता येते. छातीत जे होते त्याच्याकडे कसे दाखवणार? माशाला काय म्हणतात हे विचारणे सोपे आहे, कारण मासा दोघांनाही दिसतो. भीती ज्याची त्याला कळते. दुसऱ्याला तिच्या खुणा तेवढ्या दिसतात: थरथरणारे हात, उडालेला रंग, अडखळणारा शब्द. एका भाषेतील भावनेचा शब्द दुसऱ्या भाषेत नेताना कोशकाराला या खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. म्हणून शब्दकोशातील भावनेचा अर्थ हे एक गृहीतक असते. ते चांगले असू शकते, कच्चेही असू शकते.

धर्मोपदेशकांचे कोश

१५६५ साली लेगास्पीच्या नेतृत्वाखाली स्पेनने सेबू येथे वसाहत स्थापन केली आणि १८९८ पर्यंत फिलिपिन्सवर स्पेनची सत्ता राहिली. या काळात येथील भाषांचे कोश तयार केले ते मुख्यतः धर्मोपदेशकांनी. पानाय बेटावरील बिसाया भाषेचा आलोन्सो दे मेंत्रिदा यांचा कोश १६३७ मधला. हुआन फेलिक्स दे ला एन्कार्नासिओन या धर्मगुरूंचा बिसाया-स्पॅनिश कोश १८५१ मधला.

धर्मोपदेशकांना लोकांच्या मनातले ऐकायचे होते, कारण पापाची कबुली लोक स्वतःच्या भाषेत देत. त्यांना प्रवचनात देवाची भीती समजावून सांगायची होती. पिगाफेत्ताला अवयव आणि वस्तू यांचे शब्द पुरले, यांना भीती, लाज, पश्चात्ताप यांचे शब्द लागत. कोशात कोणते शब्द काळजीपूर्वक नोंदले जातात हे कोश कोणत्या कामासाठी केला यावरही अवलंबून असते.

स्पॅनिश सत्तेबरोबर शेकडो स्पॅनिश शब्द सेबुआनोत आले. त्यांतलाच एक 'नेर्बियोस', म्हणजे मूळचा 'नेर्वियोस'. सेबुआनोत 'व'चा 'ब' झाला. भित्र्या, लगेच घाबरून जाणाऱ्या पुरुषाला 'नेर्बियोसो' आणि बाईला 'नेर्बियोसा' म्हणू लागले. पुढे १९०१ पासून अमेरिकन सत्तेने इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळा सुरू केल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'थॉमस' या जहाजाने सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले. इंग्रजी 'नर्व्हस' हा शब्द शाळेच्या वाटेने आला. म्हणजे एकच मूळ लॅटिन शब्द सेबुआनोत दोन वेळा, दोन वाटांनी शिरला. त्याच्याकडे आता जरा नीट पाहू.

'नर्व्हस' शब्दाचे वय

लॅटिन 'नेर्वुस' म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा, धनुष्याची दोरीसुद्धा. त्यामुळे इंग्रजीत 'नर्व्हस' हे विशेषण आले तेव्हा त्याचा अर्थ होता पिळदार, बळकट. जोरकस लेखनशैलीलाही 'नर्व्हस' म्हणत. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी कोशात या शब्दाचा पहिला अर्थ बळकट असाच आहे. दुसरा अर्थ मज्जातंतूंसंबंधी. दुबळ्या किंवा बिघडलेल्या मज्जातंतूंचा हा अर्थ तिसऱ्या क्रमांकावर आहे, आणि तोसुद्धा वैद्यांची खास बोली असा शेरा मारून दिलेला आहे. आज ज्याला आपण या शब्दाचा सरळ अर्थ समजतो, तो अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका व्यवसायाचा परिभाषिक शब्द होता.

हा उलटा प्रवास कसा झाला? १६६४ साली ऑक्सफर्डच्या टॉमस विलिसने मेंदू व मज्जातंतूंच्या रचनेवर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील आकृत्यांच्या कामात पुढे वास्तुविशारद म्हणून गाजलेला क्रिस्टोफर रेन याचा हात होता. मज्जातंतूंमधून एक सूक्ष्म द्रव किंवा 'प्राणवायूसारखे' काहीतरी वाहते आणि त्याचा प्रवाह बिघडला की माणूस आजारी पडतो, अशी त्या काळची कल्पना होती. जॉर्ज चेनी या वैद्याने १७३३ मध्ये 'द इंग्लिश मॅलडी' हे पुस्तक लिहिले. प्रतिष्ठित इंग्रजांच्या तक्रारींपैकी जवळजवळ एक तृतीयांश तक्रारी मज्जातंतूंच्या आहेत असे त्याचे म्हणणे होते. एडिंबरोच्या रॉबर्ट व्हिटने १७६५ मध्ये या विकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. विल्यम कलेनने १७६९ मध्ये 'न्युरोसिस' हा शब्द घडवला. पाहता पाहता दुबळे मज्जातंतू हे खानदानी, संवेदनशील माणसाचे लक्षण ठरले आणि वैद्यांचा शब्द दिवाणखान्यात आला.

एकोणिसाव्या शतकात मज्जातंतूंविषयीचे ज्ञान पुष्कळ पुढे गेले. १८५० साली हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूमधून संदेश किती वेगाने जातो ते मोजले. तो वेग सेकंदाला ३० मीटरच्या आसपास निघाला. सूक्ष्म द्रवाची कल्पना मागे पडली. मात्र 'नर्व्हस' हा शब्द राहिला. १८६९ मध्ये जॉर्ज बिअर्ड या अमेरिकन डॉक्टरने 'न्युरास्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा, या नावाने एका आजाराचे वर्णन केले. १८८१ मधील आपल्या पुस्तकात त्याने या आजाराचा दोष आधुनिक संस्कृतीवर ठेवला. वाफेची शक्ती, तारायंत्र, नियतकालिके, विज्ञान आणि स्त्रियांचे बौद्धिक काम ही त्याने दिलेली कारणे.

या शब्दाचा फिलिपिन्सशी आणखी एक संबंध आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेथे राहणारे अमेरिकन अधिकारी थकवा, विस्मरण आणि चिडचिड यांनी बेजार होत. त्यांचे डॉक्टर याला उष्ण प्रदेशातील न्युरास्थेनिया म्हणत. बोलण्यात त्याला 'फिलिपिनायटिस' असे गमतीदार नावही पडले होते. ज्यांच्या भाषेत 'नर्व्हस' हा शब्द होता ते स्वतःच त्या शब्दाचे रोगी होते! तेव्हा 'नर्व्हस' हे भीतीचे मोजमाप करणारे तटस्थ माप आहे असे समजणे कठीण आहे. तो एका काळाचा, एका वैद्यकीय कल्पनेचा शब्द आहे.

कुल्बा आणि तिची भावंडे

आता बरोबरच्या चिन्हाची डावी बाजू पाहू. 'कुल्बा' म्हणजे काहीतरी वाईट घडेल किंवा घडता घडता राहिले या जाणिवेने छातीत होणारी धडधड आणि तिच्याबरोबर येणारी अस्वस्थता. परीक्षेचा निकाल लागायचा आहे, रात्र झाली तरी मूल घरी आलेले नाही, बोट लाटांवर हेलकावते आहे, अशा वेळी होते ती कुल्बा. टागालोग भाषेत यासाठी 'काबा' हा शब्द आहे, आणि त्यातही छातीचे धडधडणे आहेच. मलय भाषेतही 'बेरदेबार-देबार' म्हणजे छाती धडधडणे, आणि तोच धास्तावल्याचाही शब्द. नुसत्या धडधडण्याला सेबुआनोत 'कुबाकुबा' असा, ऐकताच अर्थ कळावा असा शब्द आहे.

'हद्लोक' म्हणजे भीती. ती बहुधा कशाची तरी असते: कुत्र्याची, अंधाराची, भुताची. 'बालाका' म्हणजे काळजी, चिंता. 'काळजी करू नका' असे सेबूमध्ये म्हणायचे तर याच शब्दाने म्हणतात. 'कुरोग' म्हणजे कापरे, मग ते थंडीचे असो, तापाचे असो की भीतीचे. 'कुरात' म्हणजे दचकणे. 'लिसांग' म्हणजे माणूस सैरभैर होईल अशी दहशत. 'कुयाव' म्हणजे धोका किंवा धोकादायक. तरुण मंडळी आता हाच शब्द 'भारी!', 'कमाल!' या अर्थानेही वापरतात. मराठीतही 'भयंकर सुंदर' असे आपण म्हणतोच.

परीक्षेआधीचा माणूस असो, दचकलेला असो, कापणारा असो, इंग्रजीत या सर्वांना वेळप्रसंगी 'नर्व्हस' म्हणता येते. शिवाय ज्याचा स्वभावच भित्रा आहे त्यालाही तेच विशेषण. सेबुआनोत स्वभावाने भित्र्या माणसाला 'हद्लोकान' म्हणतात, आणि तो वेगळा शब्द आहे. इंग्रजीत क्षणाचा अनुभव आणि जन्माचा स्वभाव एका विशेषणात मावतो.

वाक्यरचनेतही फरक आहे. 'आय अॅम नर्व्हस' या इंग्रजी वाक्यात 'मी' हा कर्ता आणि 'नर्व्हस' हे त्याचे विशेषण. जसे 'मी उंच आहे'. सेबुआनोत म्हणतात 'गिकुल्बाआन को'. येथे क्रियापदाच्या मागे 'गि' आणि पुढे 'आन' असे दोन प्रत्यय आहेत. ज्याच्यावर एखादी गोष्ट ओढवते, ज्याला ती घेरते, अशा व्यक्तीविषयी बोलताना हे रूप येते. मराठी शिक्षकाला हे समजायला अवघड नाही. 'मला धडकी भरली', 'मला हुरहूर लागली' असेच आपण म्हणतो. धडकी भरणारी, हुरहूर लागणारी. माणूस तिचा कर्ता नसून तिचे ठिकाण आहे. येणारी गोष्ट जाऊ शकते, हे या रचनेत गृहीतच असते.

येथे एक घाईचा निष्कर्ष टाळला पाहिजे. सेबूच्या लोकांच्या भावना शरीरात असतात आणि इंग्रजांच्या मनात असतात, असा काहीसा सूर कधी कधी ऐकू येतो. तो चुकीचा आहे. इंग्रजी 'अँक्शस' हा शब्द 'आवळणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. संस्कृतातील अरुंद या अर्थाचा 'अंहु' आणि संकट या अर्थाचा 'अंहस्' हे त्याच मुळातले. 'वरी' या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ तर गळा दाबणे असा आहे. मलय भाषेत 'हाती' म्हणजे यकृत आणि तेच भावनांचे स्थान; आपल्या 'काळीज' आणि हिंदीतील 'कलेजा' या शब्दांतही यकृत आणि हृदय असेच एकमेकांत मिसळलेले आहेत. सर्वच भाषांनी भीतीचे शब्द शरीराकडून घेतले. काही शब्दांतील शरीर अजून दिसते, काहींतील झिजून गेले, एवढाच फरक.

शरीरात काय घडते?

मग शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने कोणता शब्द बरोबर, कुल्बा की नर्व्हस? दोन्ही, आपापल्या परीने. धोक्याची जाणीव झाली की मेंदूकडून निघालेले संदेश अनुकंपी मज्जातंतूंमार्फत हृदयापर्यंत जातात आणि ठोके वाढतात. त्याच वेळी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. त्यामुळे ठोके वाढलेले राहतात, तळवे घामेजतात, तोंडाला कोरड पडते, पोटातील पचनाची कामे मंदावतात. या ग्रंथींच्या अर्काने रक्तदाब वाढतो हे १८९४ मध्ये ऑलिव्हर व शेफर यांनी दाखवले. १९०१ मध्ये जोकिची ताकामिने यांनी ॲड्रिनॅलिन शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे जाहीर केले. भीती व राग यांमध्ये शरीरात होणाऱ्या या बदलांवर वॉल्टर कॅनन यांचे पुस्तक १९१५ मध्ये निघाले. म्हणजे 'नर्व्हस' शब्दात यंत्रणेचा एक भाग आहे, तर 'कुल्बा'मध्ये परिणामाचे निरीक्षण आहे. निरीक्षण जुने होत नाही. यंत्रणेची कल्पना मात्र दर पिढीत बदलत आली.

पण धडधड म्हणजेच भीती का? १८८४ मध्ये विल्यम जेम्स यांनी एक धाडसी मत मांडले. आपण घाबरतो म्हणून थरथरतो असे नाही, तर आपण थरथरतो आणि त्या थरथरण्याची जाणीव म्हणजेच भीती. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या कार्ल लांगे यांनी स्वतंत्रपणे असेच मत मांडले. कॅनन यांनी १९२७ मध्ये त्यावर आक्षेप घेतला: भीती, राग आणि ताप यांमध्ये शरीरातील बदल पुष्कळसे सारखे असतात, मग केवळ त्यांवरून माणसाला वेगवेगळ्या भावना कशा कळतील?

१९६२ मध्ये शाक्टर आणि सिंगर यांनी काही जणांना, काय टोचतो आहोत हे न सांगता, ॲड्रिनॅलिन टोचले आणि त्यांना वेगवेगळ्या प्रसंगांत बसवले. शरीरातील खळबळीला माणूस भोवतालच्या प्रसंगावरून नाव देतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. नंतर इतरांनी हे प्रयोग पुन्हा केले तेव्हा निकाल इतके स्पष्ट आले नाहीत. तरी धडधड एक आणि तिचे अर्थ अनेक, हा कॅनन यांनी उपस्थित केलेला प्रश्न कायम राहिला.

सेबुआनोत यासाठी एक शब्द आहे: 'कुल्बाहिनाम'. 'हिनाम' म्हणजे आतुरता, उत्सुकता. उत्कंठावर्धक गोष्टीला किंवा रंगलेल्या सामन्याला हे विशेषण लावतात. धडधड आहे, पण ती हवीशी आहे. त्यासाठी भाषेने धडधडीचा शब्द तोच ठेवला आणि त्याला प्रसंगाचा शब्द जोडला. प्रयोगशाळेत जो प्रश्न विचारला गेला, त्याची जाण या जोडशब्दात आहे.

कोशकार आणि मोजणी करणारे

१९७२ साली जॉन वोल्फ या कॉर्नेल विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञाचा सेबुआनो-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २५ हजार नोंदी आहेत. शब्द कोणते प्रत्यय घेतो यावरून तो कोणत्या वर्गात पडतो हे वोल्फ यांनी नोंदवले आणि अर्थाबरोबर पूर्ण वाक्येही दिली. भावनेच्या शब्दाला हीच पद्धत योग्य ठरते. एका शब्दासमोर एक शब्द ठेवण्याऐवजी, कोण, केव्हा, कशामुळे तो शब्द वापरतो हे वाक्यातून दाखवणे.

१९८० मध्ये मिशेल रोझाल्डो यांनी लुझोन बेटावरील इलोंगोत लोकांच्या भावनाविषयक शब्दांवर पुस्तक लिहिले. 'लिगेत' या एका शब्दाचा अर्थ सांगताना राग, जोम, ईर्षा, कामाचा उत्साह असे अनेक शब्द त्यांना वापरावे लागले. एका शब्दाचे भाषांतर करायला पुस्तकभर जागा लागली.

मग सर्वच भाषांतर अशक्य समजायचे का? तसेही नाही. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक व्यापक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २,४७४ भाषांतील शब्द तपासून कोणत्या भावनांना एकच शब्द वापरला जातो याचे जाळे तयार केले गेले. सुखद की दुःखद आणि शरीर खळबळलेले की शांत, हे दोन भेद सर्व भाषाकुळांत दिसले. मात्र त्यापलीकडे मोठे फरक होते. ऑस्ट्रोनेशियन भाषांत आश्चर्य हे भीतीच्या जवळचे निघाले, तर थाई भाषा ज्या कुळातली आहे त्या कुळात ते आशा आणि इच्छा यांच्या जवळचे. म्हणजे पाया समान, पण त्यावरच्या खोल्यांची आखणी ज्याची त्याची.

हा प्रश्न केवळ कोशाचा नाही

आज जगभर चिंताविकाराची प्राथमिक तपासणी प्रश्नावल्यांनी होते. २००६ मध्ये तयार झालेली सात प्रश्नांची एक प्रश्नावली फार वापरात आहे. तिचा पहिलाच प्रश्न 'नर्व्हस', 'अँक्शस' आणि कड्याच्या टोकाशी उभे असल्याचा एक इंग्रजी वाक्प्रचार यांना एकत्र बांधतो. सेबुआनोत तो विचारायचा तर भाषांतरकाराने काय निवडावे? 'कुल्बा' निवडला तर ज्यांची छाती धडधडते ते होय म्हणतील. 'बालाका' निवडला तर ज्यांना घरच्या कर्जाची चिंता आहे ते. 'नेर्बियोस' निवडला तर स्वतःला दुबळा म्हणवून घ्यायला तयार असणारेच. शब्द बदलला की मोजली जाणारी माणसे बदलतील. प्रश्नावलीच्या शेवटी येणारा आकडा मात्र सारखाच नेमका दिसेल. म्हणूनच जबाबदार संशोधक भाषांतराचे उलट भाषांतर करून घेतात आणि लोकांना विचारतात, या प्रश्नावरून तुम्हाला काय समजले?

शाळेत हा प्रश्न आणखी जवळ येतो. फिलिपिन्समध्ये २०१२ पासून बालवर्ग ते तिसरी या इयत्तांत मातृभाषेतून शिकवणे देशभर सुरू झाले. सुरुवातीच्या १२ भाषांत सेबूची बिसाया होती. २०१३ च्या कायद्याने त्याला आधार दिला. ऑक्टोबर २०२४ मधील नव्या कायद्याने ही सक्ती संपली. माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी झाले, प्रादेशिक भाषा साहाय्यक म्हणून राहिल्या. ज्या वर्गातील सर्व मुले एकच मातृभाषा बोलतात तेथे तिचा वापर ऐच्छिक ठेवला आहे. या निर्णयाच्या दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. पुस्तके अपुरी, शिक्षकांचे प्रशिक्षण अपुरे आणि एका वर्गात अनेक भाषा, या अडचणी खऱ्याच आहेत. पण सात वर्षांचे मूल फळ्यापाशी उभे राहून 'गिकुल्बाआन को' म्हणते तेव्हा ते आपल्या छातीविषयी एक नेमके निरीक्षण सांगत असते. त्याला 'आय अॅम नर्व्हस' म्हणायला शिकवताना आपण भाषेबरोबर एक कल्पनाही शिकवतो: ही येऊन जाणारी गोष्ट नाही, तू तसा आहेस. शिक्षकाला ते माहीत असले तर तो दोन्ही वाक्ये शिकवू शकतो.

आपल्याकडेही 'नर्व्हस' शब्द रुळला आहे. क्रिकेटमुळे नव्वदीतील फलंदाजाची घालमेल या शब्दाने सर्वांना परिचित झाली. मात्र 'तो आज नर्व्हस दिसतोय' असे मराठीत म्हणताना पुष्कळदा आपल्याला खिन्न, हिरमुसलेला असे म्हणायचे असते. शब्द इंग्रजीतून आला आणि येथे येऊन वेगळे काम करू लागला.

वर्गात या विषयावर तीन सोपे उपक्रम घेता येतील. पहिला, भीती व काळजीचे घरात बोलले जाणारे शब्द मुलांकडून गोळा करावेत आणि अवयवांनुसार गट करावेत. छातीत धस्स होणे, पोटात गोळा येणे, बोबडी वळणे, हातपाय गळणे असे गट सहज पडतील. ज्यांची घरची भाषा प्रमाण मराठीहून वेगळी आहे त्यांच्या शब्दांनी यादी अधिक श्रीमंत होईल. दुसरा, मुलांनी मनगटावर नाडी मोजावी: स्वस्थ बसल्यावर, जिना चढून आल्यावर आणि वर्गासमोर बोलायला उभे राहण्यापूर्वी. दुसऱ्या व तिसऱ्या वेळी आकडे वाढले तरी मुले त्यांना एकच नाव देतात का, हे विचारावे. तिसरा, एका मुलाने 'हुरहूर' हा शब्द वापरून वाक्य लिहावे, दुसऱ्याने ते इंग्रजीत किंवा हिंदीत न्यावे, तिसऱ्याने मूळ न पाहता परत मराठीत आणावे. किती जणांची हुरहूर 'भीती' किंवा 'चिंता' होऊन परत येते ते मोजावे.

मोजणी झाली की मुले आपोआप विचारतील, मग बरोबर भाषांतर कोणते? त्यांना लगेच उत्तर न देता त्यांच्याकडूनच 'हुरहूर' कधी लागते अशी चार-पाच वाक्ये लिहून घ्यावीत. वोल्फ यांच्या कोशातील पद्धत याहून फार वेगळी नाही.